चाकातून रस्ता कळावा म्हणून

कीबोर्डवर किंवा गेमपॅडवर गाडी चालवताना निरोप बहुतेक एकाच बाजूने जातो. बोटं गाडीला वळायला सांगतात, थांबायला सांगतात. गाडी बोटांना उलट फारसं काही कळवत नाही. पुढचे टायर रस्ता धरून आहेत की सुटू लागलेत, हे पडद्याकडे पाहून ओळखावं लागतं, आणि डोळ्यांना ते उमगेपर्यंत गाडी ट्रॅकच्या कडेच्या गवतात पोचलेली असते. स्टिअरिंग व्हील घ्यायचं ते यासाठी. त्याच्या आत मोटर असते आणि ती मोटर टायरची खबर हाताला देते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. व्हीलची जुळणी करताना टेबलाच्या पेचापासून सॉफ्टवेअरमधल्या शेवटच्या पट्टीपर्यंत एकच प्रश्न विचारत राहावा: या बदलाने मला टायरबद्दल जास्त कळतंय का? चाक नुसतं जड होऊन उपयोग नाही.

उदाहरणासाठी लॉजिटेकचं जी29 घेऊ. हे 2015 मध्ये आलं, वापरलेलंही सहज मिळतं आणि अनेकांचं पहिलं व्हील हेच असतं. गेम घेऊ असेटो कोर्सा. तो 2014 चा, इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीचा. रोमजवळच्या वाल्लेलुंगा सर्किटच्या आवारातच या मंडळींनी तो घडवला. आता जुना असला तरी बेताच्या कॉम्प्युटरवर चालतो आणि चाकाला किती जोर जातोय हे पडद्यावर उघड दाखवतो, म्हणून शिकायला फार चांगला. तुमच्याकडे थ्रस्टमास्टर, मोझा किंवा फॅनाटेकचं व्हील असेल, तर मेनूतली नावं बदलतील. कामाचा क्रम तोच राहील.

हा जोर येतो कुठून, ते आधी समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खऱ्या गाडीत वळण संपताना स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला बघतं. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष वरच्या बाजूने थोडा मागे कललेला असतो. तो अक्ष जमिनीला जिथे भेटेल, त्याच्या मागे टायरचा रस्त्याला टेकलेला भाग येतो. वळताना बाजूने येणारा जोर या टेकलेल्या भागावर, म्हणजे अक्षाच्या मागे लागतो आणि चाकाला सरळ ओढतो. शिवाय टायरचं रबर पिळवटलेलं असतं. त्यामुळे हा जोर टेकलेल्या भागाच्या नेमक्या मध्यावर न लागता जरा मागच्या अंगाला लागतो, आणि ओढ आणखी वाढते. आता वळण घट्ट करत न्या. टेकलेल्या भागाची मागची बाजू आधी घसरू लागते, जोराचा बिंदू पुढे सरकतो आणि सरळ करणारी ओढ कमी होते. यातली मोलाची गोष्ट अशी, की टायरची पकड शिगेला पोचण्याच्या थोडी आधीच ही ओढ उतरायला लागते. चाक हातात हलकं झालं म्हणजे समजावं, पकड संपत आली आहे, पण अजून संपलेली नाही. चांगला चालक त्या फटीत गाडी ठेवतो. असेटो कोर्सा हा सगळा हिशेब सेकंदाला 333 वेळा करतो आणि येणारा आकडा मोटरकडे पाठवतो. आपलं काम एवढंच, की तो आकडा हातापर्यंत न बिघडता पोचावा.

बिघडण्याची पहिली जागा कॉम्प्युटर नव्हे, टेबल आहे. चाक एका बाजूला ओढलं जाताना टेबलच डुगडुगत असेल, तर बारीक कंप लाकडातच जिरतात. जी29 च्या खाली दोन शिकंजे आहेत आणि वरच्या बाजूने फिरवायचे दोन स्क्रू. बेस टेबलाच्या कडेला नीट टेकवून दोन्ही स्क्रू सारखे आवळा. काचेच्या टेबलाला व्हील लावू नका. पातळ प्लायच्या कॉम्प्युटर टेबलाची कड दबत असेल, तर खाली एक जाडसर फळी घालून मग शिकंजा बसवा. उंची अशी हवी, की चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर हात ठेवल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहील आणि खांदे खुर्चीच्या पाठीपासून सुटणार नाहीत. खांदे उचलले गेले तर मान अवघडते आणि हाताची जाणीव बोथट होते.

पेडलचा प्रश्न आपल्या घरांत जरा जास्तच येतो, कारण आपल्याकडे जमिनीला फरशी किंवा टाइल्स. जी29 च्या पेडलखाली उघडणारी दातेरी पट्टी आहे, पण ती गालिच्यात रुतण्यासाठी केलेली. गुळगुळीत टाइल्सवर तिचा काही उपयोग नाही. जोरात ब्रेक दाबला की पेडल पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे पळते. पेडलचा मागचा भाग भिंतीला टेकवा, किंवा भिंत आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा. खाली रबराची मॅट घातली तर पकडही मिळते आणि रात्रीच्या वेळी खालच्या मजल्यावर ठकठक जात नाही. खुर्ची शक्यतो चार पायांची घ्या. चाकांचीच असेल तर ती अडवण्याची सोय करा, नाहीतर ब्रेकवर तुमचा पाय कधीच भरवशाचा होणार नाही. हौस टिकली तर पुढे लोखंडी स्टँड किंवा बसण्याच्या सीटसह रिग घेता येते, आणि माझ्या मते महागड्या व्हीलच्या आधी पैसे तिथे घालावेत.

आता वायरी. जी29 ला दोन गोष्टी लागतात: यूएसबी आणि स्वतःचा पॉवर अडॅप्टर. अडॅप्टर नसेल तर मोटर काम करणार नाही. यूएसबी केबल मध्ये हब न घालता कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट द्या. पेडलची वायर बेसच्या खालच्या बाजूला लागते. चालू करताना चाकावर हात ठेवू नका. ते आपणहून पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे फिरून आपला मध्य शोधतं, आणि त्या वेळी अडवलं तर मध्य चुकतो.

गेम उघडण्याआधी विंडोजमध्येच व्हील तपासा. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ शोधा, आपलं व्हील निवडा आणि प्रॉपर्टीज उघडा. चाक फिरवल्यावर खूण सरकली पाहिजे, प्रत्येक पेडलची वेगळी पट्टी हलली पाहिजे. पेडल एकदा पूर्ण दाबेपर्यंत ते अर्धं दाबलेलं आहे असं दिसू शकतं. तिन्ही पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडा. पाय काढल्यावर पट्टी भरलेली आणि दाबल्यावर रिकामी दिसली तर घाबरू नका, दिशा गेममध्ये उलटवता येते. पण पाय स्थिर असताना पट्टी थरथरत असेल, तर पेडलच्या आतल्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसली असण्याची शक्यता मोठी. वापरलेल्या व्हीलमध्ये हे नेहमी आढळतं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा सुधारतं. वापरलेलं व्हील घ्यायला गेलात तर ही खिडकी उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

लॉजिटेकच्या जी हब या सॉफ्टवेअरमध्ये करायचं थोडंच आहे. फिरण्याची मर्यादा 900 अंशांवर ठेवा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे. सेन्सिटिव्हिटी 50 वर असू द्या. तिथे हात जितका फिरेल तितकंच चाक फिरलं असं धरलं जातं. चाकाला मध्यावर खेचणाऱ्या सेंटरिंग स्प्रिंगचा जोर असेटो कोर्सासाठी काढून टाका. ही स्प्रिंग फोर्स फीडबॅक नसलेल्या गेमसाठी असते. ती चालू राहिली तर टायरची ओढ आणि स्प्रिंगची ओढ एकत्र येतात, आणि टायर घसरून हलका झाला तरी स्प्रिंग चाक ओढतच राहते. म्हणजे जी खबर हवी तीच झाकली जाते. पेडल एकत्र करण्याचा पर्याय बंद ठेवा. तो चालू असला तर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच पट्टीवर येतात आणि दोन्ही एकत्र दाबता येत नाहीत.

गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला असेल तर तिथे एक बारीक अडचण दडलेली असते. स्टीम इनपुट नावाची सोय काही वेळा व्हीलला गेमपॅड समजते आणि फोर्स फीडबॅक मध्येच तुटतो. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलर या पानावर जाऊन स्टीम इनपुट बंद करा. सगळं बरोबर असून चाक मेलेलं वाटत असेल तर आधी इथे पाहावं.

असेटो कोर्साच्या कंट्रोल्समध्ये व्हील निवडल्यावर स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि क्लच एकेक करून नेमून द्या. फिरण्याचे अंश इथेही 900 लिहा. मग प्रत्येक गाडीचं स्टिअरिंग किती फिरतं ते गेम स्वतः जुळवून घेतो. खात्री करायची असेल तर पडद्यावरच्या चालकाचे हात बघत चाक पाव फेरा फिरवा. दोन्ही चाकं बरोबरीने फिरली पाहिजेत. स्टिअरिंग गॅमा 1 आणि स्पीड सेन्सिटिव्हिटी 0 असू द्या. या दोन्ही सोयी गेमपॅडच्या छोट्या काडीसाठी आहेत.

यानंतर गेन, म्हणजे एकूण जोर. इथे मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे, कारण बहुतेक व्हीलची माती इथे होते. जी29 ची मोटर साधारण 2 न्यूटन-मीटर पीळ देऊ शकते. चाकाची त्रिज्या सुमारे 13-14 सेंटिमीटर धरली, तर कडेवर तो जोर दीड किलो वजनाइतका होतो. गेमला मात्र वेगवान वळणावर याहून कितीतरी जास्त जोर मागायचा असतो. समजा गेमच्या हिशेबात आधी 2, मग 3, मग 4 न्यूटन-मीटर आले. मोटर तिन्ही वेळा 2 च देईल. वळणभर चाक सारखंच जड राहील आणि आतले चढउतार नाहीसे होतील. याला क्लिपिंग म्हणतात. मांडवातल्या लाउडस्पीकरचा आवाज क्षमतेबाहेर चढवला की गाण्याचे शब्द फाटून नुसता गोंगाट उरतो, तसं हे होतं. आणि टायरची ओढ शिगेवरून उतरते तो क्षण नेमका या कापल्या गेलेल्या भागात असतो. जोर वाढवून जास्त खरं वाटेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात ज्यासाठी व्हील घेतलं तीच गोष्ट आपण पुसून टाकतो.

हे मोजायची सोय गेममध्येच आहे. ट्रॅकवर असताना पडद्याच्या उजव्या कडेशी माउस नेला की छोट्या ॲप्सची यादी उघडते. त्यातलं पेडल्स ॲप लावा. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकची चौथी पट्टी दिसेल. चाकाला जाणारा जोर मर्यादेला धडकला की ती लाल होते. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, आपटल्यावर क्षणभर लाल झाली तर चालेल. लांब वळणात लालच राहिली तर गेन खाली आणा. गाडी बदलली की जोर बदलतो, त्यामुळे मुख्य गेनला प्रत्येक वेळी हात लावण्यापेक्षा गाडी चालवतानाच कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांतल्या अधिक आणि उणे या कळांनी त्या गाडीपुरता जोर कमी-जास्त करावा.

गेन जुळला की परीक्षा घ्या. लोटस एलिससारखी हलकी गाडी निवडा. खऱ्या एलिसला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे तिच्यात ओढीचे बदल स्वच्छ जाणवतात. लांबलचक, एकसारखं वळण बघा, दुसरा किंवा तिसरा गिअर टाका, वेग स्थिर ठेवा आणि चाक हळूहळू वळवत न्या. आधी ओढ वाढत जाईल. मग एका जागी ती थांबेल, आणि चाक आणखी वळवलं तर हलकी होईल. गाडीचं नाक बाहेर जाऊ लागेल, याला अंडरस्टिअर म्हणतात. हे तिन्ही टप्पे डोळे पडद्यावर असतानाही हाताला वेगळे कळले पाहिजेत. ओढ वाढली आणि तशीच सपाट राहिली, तर गेन अजून जास्त आहे. हीच कसरत सावकाश, पुन्हा पुन्हा करा. लॅपटाइमच्या मागे लागण्याआधी यात घालवलेली संध्याकाळ पुढे फार उपयोगी पडते.

जी29 मध्ये मोटर आणि चाक यांच्यामध्ये गिअर आहेत, आणि गिअरमध्ये घर्षण असतं. मोटरने अगदी थोडा जोर लावला तर तो घर्षणातच संपतो. म्हणून सरळ रस्त्यावर चाकाचा मध्य ढिला, मेल्यासारखा वाटतो. मिनिमम फोर्स नावाची पट्टी यासाठी आहे. ती शून्यापासून थोडी थोडी वाढवत जा. मध्याजवळचा ढिलेपणा गेला की थांबा. फार वाढवली तर सरळ रस्त्यावर चाक आपोआप डावं-उजवं हलू लागतं. तसं झालं की एक पाऊल मागे या. ज्यांना अधिक खोलात जायचं आहे ते व्हीलचेक नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने मोटरचा प्रतिसाद मोजतात आणि त्यावरून सुधारित तक्ता बनवून गेमला देतात, पण सुरुवातीला याची गरज नाही.

कर्ब, रस्ता, स्लिप आणि एबीएस असे इफेक्ट्स वेगळ्या पट्ट्यांवर असतात. स्टिअरिंगच्या हिशेबातून आलेल्या ओढीवर ती वरून घातलेली थरथर आहे. खऱ्या गाडीत सीटमधून पाठीला जे कळतं त्याची थोडी भरपाई यातून होते, त्यामुळे रस्ता आणि कर्ब थोडेसे ठेवायला हरकत नाही. स्लिप आणि अंडरस्टिअर वाढवून दाखवणारा पर्याय मात्र मी शून्यावर ठेवायला सांगेन. जो संदेश ओढीतून मिळायला हवा, तो खोट्या थरथरीतून मिळण्याची सवय हाताला लागू नये.

आता ब्रेक. वेळ खरं तर इथेच मिळते किंवा जाते. जी29 च्या ब्रेकमध्ये स्प्रिंगच्या पुढे रबराचा तुकडा आहे. पाऊण वाट सोपी जाते आणि मग पेडल कडक होतं. बरेच जण ते कडक वाटतं म्हणून तो तुकडा काढतात. मला तो राहू द्यावासा वाटतो. पाय किती अंतर गेला हे आपल्याला फारसं अचूक लक्षात राहत नाही. किती दाब दिला हे बरंच नेमकं राहतं. महागड्या पेडलमध्ये लोड सेल असतो, तो सरळ दाबच मोजतो. जी29 चं पेडल अंतर मोजतं, पण रबरामुळे शेवटच्या भागात अंतर आणि दाब यांची सांगड बसते. ब्रेक गॅमा 1 च्या वर नेला की सुरुवातीच्या मोकळ्या भागात ब्रेक कमी लागतो आणि खरं काम रबराच्या भागात सरकतं. पूर्ण जोर लावूनही पेडल्स ॲपमधली ब्रेकची पट्टी वरपर्यंत जात नसेल, तर आधी पेडल सरकतंय का ते बघा. सरावासाठी एबीएस बंद करा आणि सरळ रस्त्यावर चाक लॉक होईपर्यंत ब्रेक दाबा. लॉक झालेला टायर नुसता घसरत असतो, त्याला सरळ करणारी ओढ उरत नाही, म्हणून स्टिअरिंग एकदम सैल पडतं. ब्रेकची हद्दही अशी हातालाच कळते.

पडद्यावरचा दृष्टिकोन, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, अनेक जण तसाच सोडून देतात. असेटो कोर्सा तो उभ्या दिशेने मोजतो. योग्य आकडा असा काढा: पडद्याची अर्धी उंची भागिले डोळ्यापासूनचं अंतर, त्याचा इन्व्हर्स टॅन्जंट, आणि त्याची दुप्पट. 27 इंची मॉनिटरची उंची सुमारे 34 सेंटिमीटर. तो डोळ्यापासून 60 सेंटिमीटरवर असेल तर उत्तर येतं 31-32 अंश. सुरुवातीला चित्र डब्यातून पाहिल्यासारखं अरुंद वाटेल आणि वेग कमी भासेल. पण वळण आता खऱ्या अंतरावर दिसतं, त्यामुळे ब्रेक कुठे दाबायचा ते चुकत नाही. मॉनिटर चाकाच्या मागे जितका जवळ आणता येईल तितका आणा; त्याने हा आकडा मोठा होतो आणि बाजूचंही जास्त दिसतं.

पुढे डायरेक्ट ड्राइव्ह व्हील घेतलंत, तर मोटरच्या दांड्यावर चाक थेट बसवलेलं असतं. मध्ये गिअर नाही, म्हणून मिनिमम फोर्स शून्य. फॅनाटेकचं 2021 चं सीएसएल डीडी 5 न्यूटन-मीटर देतं, मोठ्या पॉवर सप्लायने 8. मोझा आर5 साडेपाच. त्यांची सगळी ताकद वापरायलाच हवी असं नाही. ती शिल्लक असली की क्लिपिंगच्या आधी मोठी जागा मिळते, फायदा तो आहे. अशा व्हीलवर अंगठे चाकाच्या आत अडकवून ठेवू नका, आणि गाडी भिंतीवर जाणार हे दिसलं की हात सोडा. धक्क्याने चाक झटकन फिरतं आणि अंगठा दुखावतो.

एच पॅटर्नचा शिफ्टर जी29 सोबत येत नाही, लॉजिटेकचाच वेगळा घ्यावा लागतो. त्यात सहा गिअर आहेत आणि रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबून टाकावा लागतो. त्याची वायर व्हीलच्या बेसला लागते आणि तो टेबलाच्या कोणत्याही बाजूला बसतो. आपला डावा हात गिअरला सरावलेला आहे. रोजच्या गाडीची सवय राखायची असेल तर डावीकडे लावा. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा युरो ट्रक सिम्युलेटर 2 खेळणाऱ्यांनी आधी विचार करावा: युरोप खंडातल्या रस्त्यांवर ट्रकचं स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला, तर ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच उजवीकडे. या गेममध्ये वेग कमी आणि वळणं मोठी असतात, तेव्हा 900 अंश पूर्ण वापरले जातात. असेटो कोर्सासाठी जुळवलेला जोर तिथे तसाच नेऊ नका. जी हबमध्ये प्रत्येक गेमचं वेगळं प्रोफाइल ठेवा, आणि त्या गेममध्येही फोर्स फीडबॅकच्या पट्ट्या पुन्हा एकदा खालून वर आणत जुळवा.